पंच्याऐंशी टक्के पूर्ण

रासईच्या गोदीत, चिंचेखाली,
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून भाचा माझा फोटो काढतो.
मामा, हेल्मेट काढ. नको, घाल.
हस. इतकं नाही.
मागे वर ओढलेली बार्ज, तळाची कालवं
निम्मी खरवडलेली, निम्मी तशीच.
ती ब्लर करू या, म्हणतो.

नाव: दामोदर वळवईकर.
पद: इथे कर्सर लुकलुकत राहतो.
पगाराच्या कागदावर असिस्टंट इंजिनिअर,
धक्क्यावर पात्रांव,
आणि खाणी बंद झाल्या त्या वर्षापासून
कागदही नाही, नुसता धक्का.
भाचा लिहितो: मरीन मेंटेनन्स लीडर.
दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला निघाल्यासारखं वाटतं,
बाह्या दोन बोटं लांब.

कौशल्यं. किमान पाच.
पंपावर तळवा ठेवला की कळतं मला
कुठलं बेअरिंग चवथीपर्यंत टिकेल.
यादीत हे नाही. यादीत आहे प्रॉब्लेम सॉल्व्हिंग.
बरं, ते.
शिवण बघून सांगतो वेल्डरने काल रात्री किती घेतली.
त्याला म्हणे टीम मॅनेजमेंट.

आठवड्यात एकशेबारा ओळखी झाल्या.
पुण्याच्या एका गृहस्थांनी, ज्यांना मी पाहिलेलंही नाही,
ग्वाही दिली की मी एक्सेलमध्ये पारंगत आहे.
मीही दिली त्यांना, नेतृत्वाची.
शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, तसं.

आता शिफारस हवी.
मी लोटलीला कायतानला फोन लावला.
वीस वर्षं त्याने माझ्या हाताखाली पत्रे जोडले,
आता डोळ्यात मोतीबिंदू, परसात मिरच्या.
हांव कितें बरोवपाचो, बाबा, म्हणाला. तूंच बरय:
मनीस बरो. नट आवळटना गाळी दिता.
पूण आपूण पयलीं देंवल्याबगर
कोणाकूच टाकयेंत धाडलो ना.
मी शब्दन् शब्द उतरवून घेतला.
भाच्याने त्याचं इंग्रजी केलं, तेव्हा उरलं
लीड्स बाय एक्झाम्पल.

रोज काहीतरी टाकत राहा, म्हणतो तो,
नाहीतर माणूस खाली जातो.
लोक टाकतात सूर्योदय,
अपयशाने शिकवलेले सात धडे.
मी टाकला बिल्ज पंपाचा शाफ्ट,
पॅकिंगने खाऊन जिथे चर पाडला होता तिथला,
मापाला बाजूला काडेपेटी.
चार पसंत्या. त्यातली एक माझीच.

रात्री साडेअकराला निरोप:
सर, मी आफरीन मुकादम, जयगडला ड्रेजरवर,
सहा महिने झाले. आमच्या शाफ्टला असाच चर आहे.
स्लीव्ह घालू की शाफ्ट बदलू?
इथे विचारलं तर हसतात.

मी चष्मा शोधला.
खोल किती? नख अडकतं का त्यात?
फोटो पाठव. काडेपेटी ठेव शेजारी.
आणि मग लिहीतच गेलो, अंगठ्याने, चुकांसकट,
की ग्लँडचे नट एका दमात आवळू नकोस,
पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे,
थेंब पडू दे, मिनिटाला चाळीसेक,
गळतंय म्हणून कुणी ओरडलं तर ओरडू दे,
थेंब थांबला की शाफ्ट जळतो.
हे मलाही एका म्हाताऱ्या फिटरने
आई-बापाचा उद्धार करत शिकवलं होतं.
हसणाऱ्यांना थेंब मोजायला लाव.

दीड वाजला. ओहोटीच्या चिखलाचा वास खिडकीपर्यंत आला.
फोनने मध्येच विचारलं,
तुमची ओळख पंच्याऐंशी टक्के पूर्ण आहे,
उरलेली भरायची?
नंतर.
जयगडची रेंज यथातथाच असावी,
तिचा फोटो उघडत होता वरून खाली, पट्टीपट्टीने.
आधी काडेपेटी दिसली.